एडगर वॉलेसचा हा पिच्चर एका तासातच संपतो की प्रिंट कापलेली आहे?

फोंडेकर_बाब:
काल पाऊस मरणाचा, लाइट कशीबशी टिकून होती, म्हणून नेटवर 'क्ल्यू ऑफ द ट्विस्टेड कँडल' लावला. १९६० चा ब्लॅक अँड व्हाइट ब्रिटिश पिच्चर. वॉलेस या इंग्रज रहस्यकथा लेखकाची मूळ कादंबरी कॉलेजात वाचलेली, बंद खोलीतला खून वगैरे. पण बसतो न बसतो तोच खेळ खलास, तास झाला असेल फार तर. आणि पुस्तकातला पोलीस अधिकारी टी. एक्स. मेरेडिथ म्हणजे तरुण, मिश्कील, मुलीच्या प्रेमात पडणारा, इथे डायरेक्ट मध्यमवयीन गंभीर सुपरिटेंडंट. कोणी अर्धा कापून अपलोड केलाय काय? आणि वॉलेसच्या गोष्टींवरच्या या सिरीजमधले बाकीचे बघण्यासारखे आहेत का?

आल्तिनोची_वाचक:
कापलेला नाही हो, तेवढाच आहे. तेव्हा तिकडे एका तिकिटात दोन पिच्चर असायचे, आधी एक छोटा, मग मोठा. हा त्यातला छोटा. दक्षिण लंडनमधल्या मर्टन पार्क स्टुडिओत १९६० ते ६५ मध्ये असे चाळीसच्या वर काढले. वॉलेस १९३२ मध्येच गेलेला, पण गोष्टी सरळ उचलून साठच्या दशकात आणल्या म्हणजे गाड्या, फोन, कपडे सगळं आजूबाजूचंच चाललं, जुना काळ उभा करायचा खर्चच नाही. सुरुवातीला धुरात गरगर फिरणारा वॉलेसचा अर्धपुतळा बघितला ना, तोच सगळ्यांना लावलाय! ती ट्यून मात्र झकास, द शॅडोज या ब्रिटिश बँडनं वाजवली आणि हिट झाली.

माशेलचो_नट:
गरिबीतच डोकं चालतं पात्रांव. आमच्या जत्रेतल्या रहस्यनाटकात दिवाणखाना एकच, दारं दोन आणि खून कायम विंगेत. (पुढे स्पॉयलर आहे, पुस्तक वाचायचं असेल त्यांनी थांबा.) पण ही मेणबत्तीची युक्ती आम्हाला जमणार नाही. दाराचा अडसर मेणबत्तीच्या टेकूवर उचलून ठेवायचा, खुनी बाहेर पडून दार ओढून घेणार, खोलीच्या उबेनं मेण मऊ पडून वाकणार आणि अडसर आपोआप खाली, दार आतून बंद! मांडवातल्या शेवटच्या रांगेला यातलं काय दिसणार, कपाळ? कॅमेऱ्याला मात्र दोन सेकंद जवळून दाखवलं की झालं, पैसा लागत नाही.

फोंडेकर_बाब:
युक्ती मान्य रे, पण माणसं पातळ केली त्याचं काय? बजेट नाही म्हणून सेट कमी करा, मेरेडिथचा मिश्कीलपणा कशाला काढायचा, त्याला कुठे पैसे लागतात.

आल्तिनोची_वाचक:
तासाभरात प्रेमप्रकरण, पुस्तकातला अल्बानियाचा भाग आणि खून, तिन्ही बसवायचं म्हणजे काहीतरी जाणारच, आणि खून तर काढता येत नाही. मला उलट तो थंड सुपरिटेंडंट आवडला. ते बर्नार्ड ली, १९६२ च्या 'डॉ. नो' मध्ये बाँडचे साहेब 'एम' झाले तेच.

माशेलचो_नट:
तरीच चेहरा बघितल्यासारखा वाटत होता!! बाकीचे बघ रे बाब, पण एका बैठकीत एकच, नाहीतर कोणाचा खून कुठल्या पिच्चरात ते कळत नाही. वॉलेसच्या गोष्टी जर्मनांनी पण १९५९ पासून काढल्यात, लंडनचं धुकं जर्मनीत बनवून, ते जास्त भडक. पुस्तक परत वाचायचं असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या पुस्तकांच्या साइटवर फुकट आहे.