मूकपटाला संगीतकार कशाला लागतो?
‘मूकपटाच्या काळात जर्मनीत चित्रपट-संगीतकार असं कुणी नव्हतंच, थिएटरातला पियानोवाला सुचेल ते वाजवायचा’ असं म्हटलं जातं, आणि ते छोट्या थिएटरांपुरतं बरोबर आहे. पण गॉटफ्रीड हुपर्ट्सचं काय? कोलोनचा हा माणूस मुळात गायक-नट. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या चित्रपटांत त्याने बारीकसारीक भूमिकाही केल्या. लांगच्याच ‘निबेलुंगेन’ (१९२४) आणि भविष्यातल्या शहरावरच्या ‘मेट्रोपोलिस’साठी त्याने मोठ्या ऑर्केस्ट्राचं सलग संगीत लिहिलं. १० जानेवारी १९२७ला बर्लिनमध्ये ‘मेट्रोपोलिस’चा पहिला खेळ झाला, तेव्हा ऑर्केस्ट्रासमोर स्वतः हुपर्ट्सच उभा होता.

खरी गंमत पुढेच. वितरकांनी लगेच चित्रपटाला कात्री लावली, प्रसंगांचा मूळ क्रम कुणाच्या लक्षात राहिला नाही. हुपर्ट्सच्या स्वरलिपीत मात्र कुठल्या स्वरावर पडद्यावर काय दिसतं, संवादाची लिखित पाटी कधी येते, अशा हजाराहून जास्त खुणा होत्या. २००८मध्ये ब्युनोस आयरिसला १६ मिमीची, ओरखड्यांनी भरलेली पण जास्त लांबीची प्रत सापडली. त्यातला कुठला तुकडा कुठे बसतो, हे ठरवायला या खुणा फार उपयोगी पडल्या. २०१०मध्ये बर्लिनला तो चित्रपट त्याच संगीतासह पुन्हा दाखवला गेला.

यंत्रमानवाच्या प्रसंगांपेक्षा मला त्या संगीतातलं ‘दीएस इरे’ (अंतिम न्यायदिनाचं जुनं लॅटिन स्तोत्र) जास्त आवडतं, आणि कामगारांच्या उठावात मध्येच डोकावणारं ‘मार्सेयेझ’ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत तर फारच. हुपर्ट्स १९३७मध्येच गेला, पन्नाशीही गाठली नाही. बोलपटांनाही त्याने संगीत दिलं, पण नाव राहिलं ते मूकपटांमुळे.