शब्दचर्चा : पर्सेंटाइल, शतमक की शततमक?

डोंबिवलीचा मामा :
भाच्याचा सीईटीचा निकाल लागला. पीसीएम गटात ९१.४ पर्सेंटाइल. बारावीला ६८ टक्के होते. आईने, म्हणजे त्याच्या आजीने, सोसायटीभर सांगितलं, "नातवाला एक्क्याण्णव टक्के पडले." आता शेजारी विचारतायत, एवढे टक्के असून हव्या त्या कॉलेजात कॉम्प्युटर का मिळत नाही? आईला समजवायला बसलो तर मलाच हे मराठीत सांगता येईना. कुठे 'पर्सेंटाइल' वाचतो, कुठे 'शतमक', कुठे 'शततमक'. नेमका शब्द कोणता?

खडूफळा :
राज्य मंडळाच्या अकरावी अर्थशास्त्रात 'विभाजन मूल्ये' असा धडा आहे. तिथे चतुर्थक, दशमक, शतमक हे तिघे भाऊ ओळीने भेटतात. आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि त्यांचे चार, दहा किंवा शंभर सारखे भाग पाडायचे. काप जिथे येतो ती किंमत म्हणजे चतुर्थक, दशमक किंवा शतमक. उसाचे शंभर तुकडे करायला घाव नव्याण्णवच लागतात, म्हणून चतुर्थकं तीन, दशमकं नऊ, शतमकं नव्याण्णव. पन्नासावं शतमक म्हणजे आपला मध्यक.

व्याकरणाने पाहिलं तर 'शततमक' जास्त शुद्ध. संस्कृतात दहावा तो दशम, पण शंभरावा तो शततम. 'दशमक'च्या चालीवर 'शतमक' झालं आणि एक त गळाला. मला त्याचं दुःख नाही. फळ्यासमोर उभं राहून 'शततमक' लागोपाठ तीनदा म्हणून बघा. इंग्रजी शब्दही फार जुना नाही, १८८५ च्या सुमारास फ्रान्सिस गॉल्टन यांनी तो रूढ केला. आदल्याच वर्षी लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्यांनी नऊ हजारांवर लोकांची उंची, वजन, हाताची ताकद वगैरे मोजून ठेवली होती. एवढ्या गर्दीत एखादा माणूस कुठे बसतो, ते सांगायला शब्द लागणारच.

हिशेबनीस :
गुरुजी, शब्द मिळाला, पण मामांच्या आई होत्या तिथेच राहिल्या.

मामा, मराठीत 'कितवा' नावाचा एक फार गुणी शब्द आहे. इंग्रजीत तो प्रश्न एका शब्दात विचारताच येत नाही. टक्के हे 'किती?'चं उत्तर आहे, पर्सेंटाइल हे 'कितवा?'चं. घोळ एवढाच की आपण नंबर वरून मोजतो आणि पर्सेंटाइल खालून मोजतात. ९१.४ म्हणजे शंभरातले साधारण एक्क्याण्णव जण भाच्याच्या बरोबरीला किंवा मागे. गटात ३ लाख पोरं बसली असं धरा, तर ८.६ टक्के म्हणजे २५,८०० जण त्याच्या पुढे. शेजाऱ्यांना हा आकडा सांगा, कॉलेजचा प्रश्न परत विचारणार नाहीत.

आणखी एक. इंग्रजीत 'नव्वदावं' म्हणतात, आपण 'नव्वद पर्सेंटाइल आले' म्हणतो. तो 'वा' गळला आणि कानाला टक्के ऐकू यायला लागले.

नीट-यूजीचं बघा. खुल्या गटाला पात्रतेसाठी ५०वं पर्सेंटाइल लागतं. २०२५ मध्ये ते ७२० पैकी १४४ गुणांवर आलं, म्हणजे नेमके २० टक्के! २०२४ ला तीच जागा १६२ गुणांवर होती. पेपर अवघड गेला तर सगळी रांग खाली सरकते, रांगेतला मधला मात्र मधलाच राहतो. २०२३ साली नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली तेव्हा 'शून्य मार्कांवर स्पेशालिस्ट' अशी ओरड झाली. शून्य पर्सेंटाइल म्हणजे शून्य गुण नव्हेत, ते रांगेचं शेपूट. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात तिथे शेपूट शून्याच्याही खाली जातं. ओरड चुकीची होती असं मी म्हणत नाही, शब्द चुकीचा होता.

खडूफळा :
'कितवा' आवडलं. पण एक गाठ सोडवून ठेवतो. पुस्तकातलं शतमक हे गुण असतं आणि सीईटीतलं पर्सेंटाइल हे स्थान. तुमच्याच उदाहरणात १४४ हे शतमक आणि ५० हा त्याचा क्रम. मी वर्गात दुसऱ्याला 'शतमक क्रम' म्हणायचो.

डोंबिवलीचा मामा :
थोडं थोडं उजाडतंय. पण गुणपत्रिकेवर विषयवार ८८, ९० आणि ८९ च्या आसपास आहे आणि एकूण ९१.४. भाऊजी सकाळपासून सरासरी काढतायत, ती काही जुळत नाही. आणि दशांशचिन्हापुढे सात आकडे कशाला?

हिशेबनीस :
भाऊजींना चहा द्या आणि कॅल्क्युलेटर काढून घ्या. पर्सेंटाइलची सरासरी काढायची नसते. प्रत्येक विषयाची रांग वेगळी, त्यातली माणसं वेगळ्या क्रमाने उभी. फिजिक्समध्ये भाच्याच्या पुढे असलेली कितीतरी पोरं गणितात मागे पडलेली असतात. तिन्ही विषयांत बऱ्यापैकी असणारे थोडे. त्यामुळे एकूण गुणांची चौथी रांग लावली की असा मुलगा पुढे सरकतो, कधी तिन्ही विषयांतल्या आकड्यांच्याही पुढे.

सात घरांचं असं. पेपर अनेक सत्रांत होतो आणि प्रत्येक सत्राची रांग स्वतंत्र लागते. आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे, भागिले त्या सत्रात हजर असलेले, गुणिले शंभर. जेईई मेनलाही २०१९ पासून हेच. मग या वेगवेगळ्या रांगा एकाच यादीत ओवायच्या, तेव्हा बरोबरी कमी व्हावी म्हणून सात घरं. २० हजारांच्या सत्रात एक माणूस म्हणजे ०.००५. त्यापुढचे आकडे माणसं मोजत नाहीत, तो नुसता भागाकार. आणि या सूत्रात आपण स्वतःलाही मोजतो, म्हणून प्रत्येक सत्रातल्या पहिल्याला पूर्ण १००. गुरुजींच्या उसाला शंभरावा घाव नाही, इथे आहे.

हिंजवडीची कंपनी बस :
आमच्याकडे हा शब्द रोज, पण उलट्या अर्थाने. 'पी नाइंटीनाइन तीन सेकंद' म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव वेळा ॲप तीन सेकंदांच्या आत उघडतं, एखाद्या वेळी त्याहून जास्त लागतात. सरासरी झकास दिसत असते आणि शिव्या देणारं गिऱ्हाईक नेमकं त्या शेवटच्या एकातलं असतं. इथे वरचं शतमक ही लाज, कौतुक नव्हे. आणि गुरुजींच्या व्याख्येप्रमाणे हे खरं शतमक, कारण उत्तर सेकंदांत येतं.

झबलं टोपडं :
माझी मुलगी एक वर्षाची झाली तेव्हा वजन ७.९ किलो. डॉक्टर म्हणाल्या, पंधरावं पर्सेंटाइल. घरी येऊन तसंच सांगितलं आणि सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी, "पंधराच टक्के वाढ झालीय पोरीची?" जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यात या वयाच्या मुलींचं मधलं वजन साधारण ८.९ किलो आहे. शंभर धडधाकट मुली वजनाने ओळीत उभ्या केल्या तर ही हलक्या बाजूने पंधरावी, एवढंच. डॉक्टरांना काळजी असते ती रेघ सोडून झपकन खाली घसरण्याची. पंधरावर येऊन पंधरावरच चालणारी पोर ठणठणीत असू शकते. काही दिवस मी सासूबाईंना फक्त किलो सांगायचे.

पाटीपेन्सिल :
'शतमान' का नको? छान मराठी वाटतं.

खडूफळा :
नको. शिष्यवृत्तीच्या पुस्तकांत 'शतमान' टक्क्यांना दिलेला आहे. शिवाय 'शतमानं भवति' असा आशीर्वाद भटजी देतात, त्यात कुणी मागे पडत नाही. ज्या गोंधळातून बाहेर पडायचंय त्यातच परत जाऊ. लिहिताना 'शतमक', बोलताना 'पर्सेंटाइल' आणि आजीला 'कितवा', असं माझं मत.

डोंबिवलीचा मामा :
आईला सांगितलं, तीन लाख पोरं धरली तर आपला साधारण सव्वीस हजारावा. ती म्हणाली, "मग एक्क्याण्णवच बरं वाटतं ऐकायला." सोसायटीत अजून तेच चालू आहे.