नवीकरणीय ऊर्जेचा सहगुणक उणे येतोय, अर्थ काय लावायचा?

कोरीपाटी:
नवीकरणीय ऊर्जेचा आर्थिक वाढीवर काय परिणाम होतो ते प्रतिगमनाने (रिग्रेशन) तपासतोय. विकसनशील देशांचं पॅनेल (तेच देश, ओळीने बरीच वर्षं), १९९० ते २०२१, वार्षिक आकडे, स्रोत जागतिक बँक. अवलंबी चल (ज्याचं कारण शोधायचं तो) दरडोई जीडीपीचा लॉग. उजव्या बाजूला अंतिम ऊर्जावापरातला नवीकरणीय वाटा (टक्के), स्थूल भांडवल निर्मिती, श्रमशक्ती आणि व्यापाराचं जीडीपीशी प्रमाण. फिक्स्ड इफेक्ट्स (प्रत्येक देशाला स्वतःचा स्थिरांक) लावलेत. वाट्याचा सहगुणक उणे, पी-व्हॅल्यू ०.०१ च्या खाली, म्हणजे निव्वळ योगायोग वाटत नाही. म्हणजे ही ऊर्जा वाढीला मारक ठरते असं लिहायचं का?

उलटतपासणी:
अजिबात नको. तो रकाना काय मोजतो ते आधी बघा. त्यात चुलीतलं सरपण, लाकडी कोळसा, गोवऱ्या, पिकांचा काडीकचरा सगळं धरलेलं असतं. इथिओपिया किंवा काँगो लोकशाही प्रजासत्ताक नव्वद टक्क्यांच्या आसपास दिसतात ते त्यामुळे. उत्पन्न वाढलं की घरात गॅस आणि वीज येते, सरपण सुटतं, वाटा घसरतो. इथे कारण जीडीपी आहे आणि परिणाम वाटा. तुम्ही समीकरण उलटं मांडलंय.

फिक्स्ड इफेक्ट्सनी हे सुटत नाही. देशादेशांमधला कायमचा फरक तेवढा निघून जातो. एकाच देशात वर्षागणिक होणारी सरपणाची घट तशीच राहते, आणि सहगुणक नेमका तीच पकडतो.

टक्का सोडून द्या. जल, वारा, सौर, भूऔष्णिक यांची वीजनिर्मिती वेगवेगळी घ्या, दरडोई किलोवॅट-तासांत. टक्क्याचा छेदही हलतो: मंदीत कारखाने थंडावले आणि कोळशाचे संच बंद पडले, की एकही नवं सौर पॅनेल न बसवता वाटा वर जातो. आणि स्थापित क्षमता नको, प्रत्यक्ष निर्मिती घ्या. प्रकल्प उभा आणि पारेषण वाहिनी अपुरी, ही अवस्था दुर्मिळ नाही.

पाणीपातळी:
वरच्यात भर. जलविद्युत वेगळी काढलीत तरी पावसाचा चल घातल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नका. झांबियाची बहुतेक वीज पाण्यावर. २०१५-१६ मध्ये करिबा जलाशय खालावला आणि भारनियमन आलं. पण दुष्काळ फक्त धरणाला गाठत नाही, शेतीलाही गाठतो. वीज आणि जीडीपी दोन्ही एकाच पावसाने हलतात आणि श्रेय विजेला मिळतं. सरासरीपासून पावसाचं विचलन नियंत्रक म्हणून घाला.

शिवाय तेलाचे भाव, पॅनेलच्या किमती सगळ्या देशांवर एकदमच आदळतात. म्हणून देशांचे आकडे एकमेकांत गुंतलेत का ते बघायला आधी पेसारानची सीडी चाचणी; परस्परावलंबन निघालं तर युनिट रूटसाठी (मालिका स्थिर सरासरीकडे परतत नाही का) सीआयपीएस चाचणी, कोइंटिग्रेशनसाठी (चल दीर्घकाळ एकमेकांना बांधलेले आहेत का) वेस्टरलुंडची. देशनिहाय एआरडीएल (चलांची मागच्या वर्षांची मूल्यंही घेणारं प्रतिगमन) करणार असाल तर बेरीज करून बघा: पाच चल, दोन लॅग (मागच्या दोन वर्षांची मूल्यं), म्हणजे जीडीपीचे २ लॅग, बाकी चार चलांची चालू वर्षासकट प्रत्येकी ३ मूल्यं आणि १ स्थिरांक: २ + ४×३ + १ = १५ प्राचलं (काढायचे आकडे), आणि ३२ वर्षांतली पहिली दोन लॅगमध्ये गेल्यावर हातात निरीक्षणं ३०. निकाल डळमळीतच येणार.

व्याजदर:
चाचण्या ठीक, पण या ऊर्जेचा परिणाम वाढीपर्यंत पोचतो कुठून? मुख्यतः भांडवलाच्या किमतीतून. सौर प्रकल्पाचा बहुतेक खर्च पहिल्याच दिवशी होतो. समजा किलोवॅटमागे १,००० डॉलर, आयुष्य २५ वर्षं, वर्षाला १,६०० युनिट (किलोवॅट-तास). ४ टक्के व्याजाने वार्षिक हप्ता ६४ डॉलर, म्हणजे युनिटला ४ सेंट. १२ टक्क्यांनी हप्ता सुमारे १२७.५ डॉलर, म्हणजे जवळपास ८ सेंट. पॅनेल तेच, ऊन तेच, वीज दुप्पट महाग. गरीब देशांना पैसा महाग मिळतो. त्यात कर्ज डॉलरमध्ये आणि वीजबिल स्थानिक चलनात असेल तर अवमूल्यनाचा फटका वेगळाच.

फायदा आयातीत दिसतो. डिझेल जनित्र युनिटला साधारण ०.२७ ते ०.३ लिटर पितं. त्याच हिशेबाने १ मेगावॅट सौर वर्षाला ४.३ ते ४.८ लाख लिटर वाचवतो. पण पॅनेलही आयातच. परकीय चलन एका वर्षात जातं, बचत २५ वर्षांत येते. त्यामुळे चालू वर्षाचा सहगुणक शून्य किंवा किंचित उणे आला तर दचकू नका, तीन-चार वर्षांचे लॅग तपासा. इंधन आयातीचं जीडीपीशी प्रमाण घेऊन निर्मितीशी त्याचा गुणाकार वेगळा चल म्हणून घाला, म्हणजे आयातीनुसार परिणाम बदलतो का ते दिसेल. तेल विकणाऱ्या आणि तेल विकत घेणाऱ्या देशांची सरासरी काढून हाती काही लागत नाही.

कोरीपाटी:
निर्मितीचे आकडे उतरवतोय. सुरुवातीच्या वर्षांत सौर बऱ्याच देशांत शून्य आहे. १ मिळवून लॉग घेऊ?

उलटतपासणी:
नको. किलोवॅट-तासाऐवजी मेगावॅट-तास घेतलेत तर सहगुणक बदलेल. सौर आणि वारा एकत्र करा, लॉग न घेता दरडोई युनिट तसेच ठेवा आणि शून्याची वर्षं वगळून एकदा पडताळा घ्या.