घरातलं जुनं मनगटी घड्याळ कोणतं, किती सालचं? तुमचे अनुभव

कपाटात, ट्रंकेत पडून असलेलं घड्याळ कोणत्या मॉडेलचं आणि किती जुनं, हे कसं शोधलंत ते लिहा. 'असेल साठ-सत्तरचं' एवढ्यावर सोडू नका, पुरावा काय सापडला तेही सांगा. सुरुवात मी करते.

बाबांचं सेको ५. डायलवर मॉडेलचा पत्ता नाही. पाठीवर भिंग धरलं तेव्हा ६११९ दिसलं, पुढे आडवी रेघ आणि आणखी चार आकडे. आधीचे चार मशीनचे, नंतरचे केसचे, म्हणजे बाहेरच्या डबीचे. सीरियल नंबरची सुरुवात '१एन'. सेकोच्या तेव्हाच्या पद्धतीत पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरी खूण महिन्याची. नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. मग १९७१ की १९८१? इथे मशीनचा नंबर कामी आला. ६११९ ऐंशीच्या दशकापर्यंत टिकलंच नाही, म्हणजे नोव्हेंबर १९७१. मामाने कुवेतहून येताना लग्नासाठी आणलं होतं आणि लग्न १९७२ च्या मे महिन्यातलं. बाबांना हे सांगितलं तर ते कितीतरी वेळ घड्याळ हातात धरून बसले.

सांगलीहून: आमच्याकडे एचएमटी जनता. नाव देवनागरीतच लिहिलंय, त्यामुळे मॉडेलचा प्रश्न नव्हता. वयाचं कोडं सुटलं झाकणाच्या आतल्या बाजूला. जुने घड्याळजी दुरुस्ती केली की तिथे टोच्याने बारीक खूण कोरायचे. आमच्यात तशा तीन-चार खुणा आहेत, सगळ्यात जुनी '८/७४', म्हणजे ऑगस्ट १९७४. एचएमटीची घड्याळं सिटिझनच्या मदतीने बंगळूरला १९६१ पासून निघाली, म्हणजे आमचं त्या दोन सालांच्या मधलं. 'ह्यांना नोकरी लागली त्या वर्षी घेतलं' असं आजी म्हणते, ते १९६८. माझा आजीवर विश्वास आहे.

डोंबिवलीहून: चोर बाजारातून फाव्र-ल्युबा हे स्विस घड्याळ घेणाऱ्यांनी सहाच्या आकड्याखाली नीट पाहावं. 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना 'टी' असेल तर काट्यांवर ट्रिटियम (अंधारात चमकण्यासाठी लावायचे ते किरणोत्सारी द्रव्य), म्हणजे डायल साठच्या दशकापासून नव्वदीच्या अखेरपर्यंतचा. अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, रंग झगझगीत निळा किंवा केशरी, तर डायल पुन्हा रंगवलेला. त्यावरून साल काढायला जाऊ नका, मशीन बघा.

नागपूरहून: पणजोबांचं वेस्ट एंड कंपनीचं घड्याळ. डायलवर बॉम्बे-कलकत्ता, मशीनवर इन्काब्लॉक. ही धक्का सोसणारी रचना १९३४ ची, त्यामुळे घड्याळ त्याआधीचं नाही. अजून पुढे सरकलेलो नाही.

कोल्हापूरहून: माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून कळकळीने सांगते. झाकण सुरीने उचकटू नका. ओव्हरहॉलिंगला द्याल तेव्हाच मशीनचा, झाकणाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागून घ्या. आणि पाठीला पॉलिश मारू देऊ नका, त्यात आधी नंबरच घासून जातात.