भ्रूणाचा प्रश्न अजून मिटलेला नाही

मूलपेशी म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या पेशी. त्या भ्रूणातून काढताना भ्रूण नष्ट होतो, म्हणून त्यांवर नैतिक वाद आहे. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांच्या शोधानंतर हा वादच संपला, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. ते अर्धंच खरं आहे. प्रौढ पेशीत चार जनुकं घालून तिला पुन्हा भ्रूणपेशीसारखं बनवता येतं, हे त्यांनी २००६ मध्ये उंदरात आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींत दाखवलं. फार मोठी गोष्ट, २०१२चं नोबेल उगाच नाही मिळालं! पण त्या चारांतलं एक जनुक कर्करोगाशी जोडलेलं आहे, आणि अशा पेशी अस्सल भ्रूणपेशींसारख्या वागतात का, हे पडताळायला तुलनेसाठी भ्रूणपेशीच लागतात.

राहिला मूळ प्रश्न. पाचेक दिवसांचा, शे-दोनशे पेशींचा भ्रूण म्हणजे माणूस का? माझ्या मते नाही. तरी तो कसाही वापरावा अशी वस्तूही नाही. हे भ्रूण बहुतेकदा आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर फलन करण्याच्या उपचारात, उरलेले असतात, त्यामुळे त्या जोडप्याची नीट समजून दिलेली संमती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

प्रयोगशाळेत भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवायचा नाही, या मर्यादेबद्दल मात्र या चर्चेत कुणीच लिहिलं नाही. साधारण त्याच सुमारास शरीराच्या अक्षाची पहिली रेघ उमटते, म्हणून अनेक देशांनी ती सीमा मानली. २०२१ मध्ये मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ती शिथिल करायला वाट मोकळी केली. खरी चर्चा आता तिथे व्हायला हवी.