वरूड ते कळमना, संत्र्याची पिकअप: डिझेल की सीएनजी?

संत्रापट्टा: सव्वा टनाची पिकअप घ्यायची आहे. आंबिया बहारात, म्हणजे संत्र्याच्या सीझनात, वरूड ते नागपूरचं कळमना मार्केट, एका बाजूनं 90 ते 100 किमी, आठवड्याला चार फेऱ्या. एरवी खत, ढेप, सरकी, सगळं गावच्या आसपास. शोरूमवाला म्हणते गॅसच घ्या. डिझेल सोडावं काय?

हिशेबी: सोडा. भाव भागिले अ‍ॅव्हरेज करून पाहा. डिझेल 92 रुपये आणि भरल्या गाडीला 13 चं अ‍ॅव्हरेज धरा, किलोमीटरला 7.08 पडतात. सीएनजी 90 रुपये आणि किलोला 14 धरा, 6.43 पडतात. किलोमीटरमागे 65 पैसे वाचले. वर्षाला 30 हजार किमी गाडी फिरली तर साडेएकोणीस हजार.

काळंतेल: भाऊ, ते 65 पैसे पंपापर्यंत जाईस्तोवरच जिरतात. 60 लिटरचे दोन सिलिंडर असले तरी मे महिन्यात भरताना गॅस तापते. दाबाचा काटा 200 बार दाखवते, पण आत 17 किलोच्या आसपासच बसते. रिझर्व्ह सोडून एका भरण्यात 200 किमी समजा. त्यावर वाचले 130 रुपये. पंप आडवाटेला 12 किमी असला तर जाऊन-येऊन 24 किमीचे 154 गेले! वरून सिलिंडरचं लोखंडच सव्वाशे किलो, म्हणजे 20 किलोचे सहा क्रेट घरीच ठेवा. अन् भावाची हमी कोण घेते? 2022 मध्ये नागपुरात सीएनजी 120 रुपये किलो झाला होता.

हिशेबी: आडवाटेला जायचं काऊन? कळमन्यात क्रेट उतरले की रिकामी गाडी नागपुरातच भरायची. सहा क्रेटचं म्हणणं मात्र खरं आहे, ते भाडं हिशेबात धरा.

पाना_दहा_बारा: दोघंही सीझनचंच बोलून राहिले. बाकीचे महिने गाडी चार-पाच किमीच्या फेऱ्या करणार, आणि बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमाचं डिझेल इंजिन तिथंच अडकते. सायलेन्सरमधल्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचते. ती जाळायला जास्तीचं डिझेल सोडून एक्झॉस्ट साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत तापवावा लागते. इंजिन गरम व्हायच्या आतच गाडी बंद केली की जाळणं अर्धवट राहते आणि न जळलेलं डिझेल पिस्टनच्या कडेनं इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक काढून पाहा: ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वरच्या खुणेच्या वर चढलेलं, बोटावर पातळ, अन् डिझेलचा वास. असं दिसलं की ऑइल तातडीनं बदला, नाहीतर बेअरिंग जाते. डीपीएफचा दिवा लागताच गाडी मोठ्या रस्त्यावर काढून वीसेक मिनिटं चौथ्या गिअरात एकसारखी चालवा.

काळंतेल: म्हणजे आठवड्यातून एकदा मोर्शीपर्यंत चक्कर मारली की काम झालं. त्यासाठी डिझेल सोडायचं?

पाना_दहा_बारा: झालं, पण चक्कर मारतो कोण? दुसरं, ज्या गाडीला डीईएफ, म्हणजे धूर साफ करायचं युरियाचं पाणी लागते, तिच्यात शेतातला युरिया कालवून ओतू नका. डीईएफमध्ये युरिया 32.5 टक्केच, तोही शुद्ध. खताचा युरिया 2015 पासून नीम लावूनच येते. त्यानं डीईएफचं नोझल चोंदते अन् धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट खराब होते. ट्रॅक्टरच्या ड्रममधलं डिझेलही नको. तळाचं पाणी आताच्या जास्त दाबाच्या (कॉमन रेल) इंजिनाचे इंजेक्टर खराब करायला पुरते.

गॅसवाल्यांनीही खुश होऊ नये. चढावर भरली गाडी धक्के देत असली तर आधी प्लग काढा. गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते. गॅप वाढला की कॉइलवर ताण येते. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, वेळेवर तपासा, कारण गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते. जॉइंटवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे, काडी पेटवून नाही बाप्पा!

हिशेबी: मेळघाटात चिखलदऱ्याचा घाट रोज चढायचा असता तर मीही डिझेलच म्हटलं असतं. कमी आरपीएमला ओढ त्याचीच. वरूड-नागपूर रस्त्यावर तितकी गरज पडत नाही.

संत्रापट्टा: सेकंड हँड गॅसची गाडीही दिसली आहे, स्वस्त आहे.

पाना_दहा_बारा: आधी सिलिंडरच्या प्लेटवरची तारीख वाचा. दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं सिलिंडरची तपासणी, लागते. ती संपली असली तर पंपावर गॅस भरून देत नाहीत, अन् टेस्टसाठी सिलिंडर उतरवावे लागतात. तो खर्च अन् तितके दिवस भाड्याचं नुकसान किमतीतून कापून मागा.