मदत हवी आहे : प्राध्यापकांकडून स्वीकृत हस्तलिखित वेळेवर कसे मिळवावे?

नमस्कार. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल असून, आमच्या प्राध्यापकांचे शोधनिबंध कोणालाही विनाशुल्क वाचता यावेत म्हणून आम्ही डीस्पेस या संगणकप्रणालीवर संस्थात्मक भांडार (संस्थेतील लेखनाचा ऑनलाइन संग्रह) सुरू केले आहे. अडचण अशी की, बहुतेक जण प्रकाशकाने मांडणी केलेली, नियतकालिकाचे बोधचिन्ह असलेली पीडीएफ पाठवतात; अनेक प्रकाशक मात्र परीक्षणानंतर स्वीकारलेले, मांडणीपूर्व हस्तलिखितच, आणि तेही बऱ्याचदा काही महिन्यांच्या प्रतिबंधकाळानंतर, खुले करू देतात. ती वर्डची फाइल मागितली की ‘जुन्या लॅपटॉपबरोबर गेली’ हे उत्तर ठरलेले असते. निबंध स्वीकारल्याचा ईमेल येताच ती फाइल ग्रंथालयाकडे पाठवण्याची सवय आपण कशी लावली? नुसत्या परिपत्रकाने काही होत नाही, हे मी अनुभवले आहे.

दुसरी शंका नियतकालिक निवडीविषयी आहे. डीओएजे ही विनाशुल्क वाचता येणाऱ्या नियतकालिकांची २००३ मध्ये सुरू झालेली सूची मी आधी पाहते. परंतु तीत नाव नाही एवढ्यावरून नियतकालिक फसवे ठरत नाही, हे प्रकाशन-शुल्क भरण्याच्या घाईत असलेल्या संशोधकाला थोडक्यात कसे समजवावे? आपल्याकडे यासाठी वापरात असलेली तपासणी-यादी असल्यास कृपया तिचा नमुना द्यावा.